चूक यंत्राची नाही

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. लग्नात, गणपती घाटावर फिरताना, भाजी घेताना, जुने विद्यार्थी भेटले की हटकून हेच विचारतात: "सर, यंत्रं अजून चांगली आली की हायझेनबर्गची ती अनिश्चितता जाईल की हो?"

ही अनिश्चितता म्हणजे इलेक्ट्रॉनसारख्या कणाची जागा आणि वेग दोन्ही एकाच वेळी नेमके ठरत नाहीत; जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्गनं हे मांडलं. ती नाही जाणार. जाईल असं वाटतं, त्यात चूक माझीच. वर्गात मीच सांगायचो, की इलेक्ट्रॉन बघायचा तर प्रकाश टाकावा लागतो, त्याचा धक्का बसतो आणि इलेक्ट्रॉन हलतो. उदाहरण खुद्द हायझेनबर्गचं, १९२७चं, म्हणून मी बिनधास्त. डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोर यांनी तेव्हाच त्यातली खोट काढली होती, पण तिथवर येईतो तास संपायचा.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो मिरजेत, तंबोऱ्याच्या दुकानात. कारागीर जोडाच्या, म्हणजे एकाच सुरात लावायच्या, दोन तारा जुळवत होता. दोन्ही छेडायच्या, कान लावायचा, तारेतला सूर जुळवायचा मणी किंचित सरकवायचा. आवाज फुगायचा, ओसरायचा, पुन्हा फुगायचा. दोन तारांत सेकंदाला एका कंपनाचा फरक असेल, तर ही भरती-ओहोटी एकदा व्हायलाच सेकंद लागतो. मी उगाच तारांवर बोट ठेवलं, तर तो म्हणाला, "हात काढा की सर, बोलू दे तिला."

तार लगेच दाबली तर सूर नेमका कुठला, हे कुणाच्याच कानाला कळणार नाही. कान कमी पडतो म्हणून नव्हे. एवढ्याशा आवाजाला एकच एक सूर नसतोच, त्यात आजूबाजूचे बरेच मिसळलेले असतात.

इलेक्ट्रॉनचंही तसंच, कारण तोही तरंग. त्याचा संवेग, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, ठरतो तरंगलांबीवरून. तरंग चिमटीएवढ्या जागेत कोंबला, की त्याला एकच तरंगलांबी राहत नाही, मग संवेग तरी एक कुठून असणार? अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ केनार्डनं १९२७मध्येच हे गणितानं मांडलं: जागा आणि संवेग या दोन्हींतल्या पसाऱ्यांचा गुणाकार एका ठरावीक, अतिसूक्ष्म आकड्याखाली जात नाही. त्या मांडणीत धक्का कुठेच नाही.

आकडा सूक्ष्म म्हणून गोटीला त्याचं काही वाटत नाही. पण इलेक्ट्रॉन अणूएवढ्या जागेत, मीटरच्या एक हजार कोटीव्या भागात कोंडा, त्याच्या वेगातला पसारा सेकंदाला किमान ५८० किलोमीटर होतो. सांगलीहून मुंबई गाठून परतीला पुणं ओलांडावं, तेही एका सेकंदात! केंद्रकाजवळ आणखी दाबला तर आणखी उधळतो. म्हणून तर अणू आत कोसळत नाही.