दहा दिवसांची ओळ

फ्लेक्स आल्यापासून भिंतीवर अक्षरं काढायचं काम वर्षातून चार-पाचदाच मिळतं. नाशिकच्या जेलरोडच्या एका शाळेनं बोलावलं तेव्हा ब्रश आधी टर्पेंटाइनमध्ये भिजवून मऊ करावे लागले. जिन्याजवळच्या भिंतीवर महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांची यादी काढायची होती. क्रमांक, नाव, कधीपासून, कधीपर्यंत.

लोकांना वाटतं अक्षर वळणदार असलं की झालं. निम्मं काम ओळी पाडण्यातच जातं. सुतळीला खडूची भुकटी चोळायची, दोन्ही टोकं ताणून धरायची आणि मधे टिचकी मारायची, की रेघ उमटते. शिरोरेखा त्या रेघेला टांगायची. अंतर जरा चुकलं तर सुशीलकुमारांच्या 'सु'चा उकार खालच्या ओळीतल्या विलासरावांच्या वेलांटीत जाऊन बसतो. फ्लेक्सवाल्या पोरांना हे कळत नाही, कॉम्प्युटर सांभाळून घेतो.

आकड्यांचा रकाना मी आधीच रंगवून घेतो. तोच नडला.

दुपारी नातवाला न्यायला आलेले एक काका मागे उभे राहिले. नोट प्रेसमधून निवृत्त झालेले, सगळी नोकरी नोटांवरचे नंबर तपासण्यात गेलेली. म्हणाले, "पेंटर, तीन नंबर चुकलाय."

"काका, मॅडमनी दिलेल्या कागदावरून काढलंय."

"तूच काढलेल्या तारखा वाच बरं."

वाचल्या. मारोतराव कन्नमवार, २४ नोव्हेंबर १९६३ पर्यंत. खाली वसंतराव नाईक, ५ डिसेंबर १९६३ पासून. दोन्ही तारखा माझ्याच हातच्या, तासाभरापूर्वीच्या. मधली फट मला दिसलीच नव्हती.

काकांना ते साल पाठ. चीनच्या युद्धात यशवंतराव संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला गेले, म्हणून कन्नमवार आले. यशवंतरावांना लोकसभेची जागा हवी होती, ती १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकनं बिनविरोध दिली. हे सांगताना काकांची मान ताठ, जणू सही त्यांचीच. त्याच वर्षी कन्नमवार पदावर असतानाच गेले, आणि नवा नेता ठरेपर्यंत दहा दिवस हंगामी मुख्यमंत्री होते पी. के. सावंत. "बाळासाहेब सावंत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाला नाव कुणाचं आहे मग?"

मॅडम आल्या. "गाईडमध्ये नाही. तिसरे कोण विचारलं तर मुलं वसंतराव नाईकच लिहिणार." त्यांचंही खोटं नव्हतं. पण आमच्याकडे इतिहास गाईडमधून भिंतीवर येतो, तो असा.

मी मधे पडलो. म्हटलं, हंगामी धरायचे तर १९८० ची राष्ट्रपती राजवटही लिहावी लागेल, फेब्रुवारी ते जून.

"तेव्हा खुर्ची रिकामी होती. १९६३ ला खुर्चीत माणूस होता," काका म्हणाले. "आणि २०१९ च्या नोव्हेंबरातली आठवडाही न टिकलेली ओळ तू लिहिणारच आहेस ना?"

त्यावर मॅडम गप्प झाल्या. मीही.

पण नंबर हलवायचा म्हणजे तीनपासून खालचे सगळे आकडे पुसायचे. ऑइलपेंट वाळलेला. वर पार्श्वभूमीचा हात द्यायचा, एक दिवस सुकू द्यायचा, पुन्हा रेघा. आणि खाली फरशी. एक ओळ वाढवायला जागाच नव्हती. शेवटी सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि कन्नमवार-नाईकांच्या मधे, निम्म्या उंचीत, सावंतांना बसवलं. कंसात 'हंगामी'. क्रमांक नाही. 'कृष्णाजी'चा 'कृ' तेवढ्यात मावेना, म्हणून 'पी. के.'च ठेवलं.

काकांनी चष्मा वर करून बघितलं. "नंबर नाही दिलास."

"जागा नव्हती, काका."

ते खरं होतं, पण आकडा नाईकांच्या 'तीन'आधी कुठला टाकायचा तेही मला सुचलं नव्हतं. अजून सुचत नाही. शाळेवरून जाताना गाडी हळू होते.

बिल ओळीवर ठरलं होतं. सावंतांची ओळ मॅडमनी धरली नाही.