पालच्या शिबिरातले कोळी

दिवाळीची सुट्टी लागली की आमच्या निसर्ग मंडळाचं शिबिर पालला ठरलेलं. रावेर तालुक्यातलं सातपुड्यातलं हे गाव, यावल अभयारण्याला खेटून. आधी सगळे पक्ष्यांमागे पळायचे. पण ऊन चढेपर्यंत अंथरुणात लोळणाऱ्या पोरांना पक्षी दिसणार कसले! मग मंडळातल्या एका सरांनी आठ पायांच्या कोळ्यांचं खूळ काढलं. म्हणाले, "हा तुमच्यासाठी थांबून राहतो, याला तरी बघा."

तेव्हापासून शिबिराच्या सामानात जुन्या छत्र्या आल्या. झुडपाखाली छत्री उलटी धरायची आणि फांदीवर काठीचे दोन ठोके द्यायचे. पानं, मुंग्या, अळ्यांसोबत कोळी हमखास पडायचे. काटेरी पायांचा लिंक्स कोळी, तिरका चालणारा खेकडा कोळी, टकामका बघत बोटावर उडी घेणारा जंपिंग. सिग्नेचर स्पायडर मात्र जाळ्याच्या मधोमध, पाय जोडीजोडीने फुलीसारखे ताणून बसलेला असे. त्याच्या जाळ्यातली ती नागमोडी पांढरी नक्षी कशासाठी, यावर शास्त्रज्ञांचंही अजून एकमत नाही. पोरांकडे मात्र दहा उत्तरं तयार!

खरी मजा रात्री. टॉर्च डोळ्यांच्या रेषेत धरली की गवतात हिरवट ठिणग्या चमकत. ते लांडगा कोळ्याचे डोळे. एकदा एकाच जागी ठिणग्यांचा घोळका दिसला. वाकून पाहिलं तर मादीच्या पाठीवर पिल्लांची दाटी.

मग वरणबट्टी, आणि त्यावर नोंदींचं वाचन. फोटोवरून जातीचं नाव ठोकायला सरांची सक्त मनाई. बऱ्याच कोळ्यांची जात पूर्ण वाढलेला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घातल्याशिवाय ठरत नाही. त्यामुळे वहीत निम्म्या ठिकाणी नुसतं कुळच. पोरं हिरमुसायची, पण वही खोटी नव्हती.

सोबतचे वनरक्षक तडवीदादा फार बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, "मोह वेचायला सोपं जावं म्हणून पाचोळा पेटवतात. त्यात हे सगळं जातं." पाचोळा चाळताना पोरं त्यानंतर जरा हळू हात घालू लागली.

अमळनेरकडच्या एका पोराने लिंक्स आपल्या कपाशीतही पाहिला होता. घरी जाऊन त्याने बापाला फवारणी कमी करायला सांगितलं. बाप म्हणाला, "मंग तुन्हा कोळीसलेच सांग, मावा खाई टाका!" सर हसले. म्हणाले, "बोंडात शिरलेल्या अळीपुढे कोळ्याचं काही चालत नाही, हे खरं. पण मावा-तुडतुड्यांसारखी रस शोषणारी कीड तो खातोच, म्हणावं."