सीएसएम (बायोसमधला जुन्या बूट पद्धतीचा मोड) बंद केला की स्क्रीन काळी, कारण सापडलं एकदाचं

मंडळी, सिक्युअर बूट (फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) ऑन झालं! आय५-८४०० वाल्या जुन्या डेस्कटॉपवर विंडोज ११ रीतसर चढलंय, कुठलाही बायपास न मारता. रुफसने (इन्स्टॉलची यूएसबी बनवणारं टूल) विंडोजचे चेक वगळता येतात हे माहितीये, पण प्रोसेसर मायक्रोसॉफ्टच्या यादीत बसत असताना तसं करणं मला पटत नाही, पुढच्या मोठ्या अपडेटला परत तेच रडगाणं.

सिक्युअर बूटला यूईएफआय (जुन्या बायोसची नवी पद्धत) लागतं, त्यासाठी डिस्क एमबीआर या जुन्या मांडणीतून जीपीटीत बदलायचं काम पटकन झालं. एमबीआरवर चार पार्टिशन होती आणि ती बदलणाऱ्या एमबीआर२जीपीटी टूलला तीनच्या वर चालत नाहीत, म्हणून आधी क्लोनझिलाने पूर्ण इमेज काढली (दिसायला रुक्ष पण भरवशाचं टूल, मी दुसरं वापरत नाही), रिकव्हरी पार्टिशन उडवलं आणि व्हॅलिडेशन लगेच पास. सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये बायोस मोड यूईएफआय दिसला तेव्हा काय भारी वाटलं!

खरा छळ त्यानंतर. सिक्युअर बूटसाठी सीएसएम डिसेबल, सेव्ह, रीस्टार्ट आणि स्क्रीन काळी. फॅन फिरतायत, नमलॉकचा दिवा लागतोय, स्पीकरवर एक लांब दोन छोटे बीप, मॉनिटर नो सिग्नल. मग कॅबिनेट उघडा, स्क्रूड्रायव्हरने बायोस सेटिंग रिसेट करणाऱ्या सीमॉसच्या दोन पिना टेकवा, बायोसमध्ये जा, आणि रिसेटमुळे पीटीटी (इंटेलचं अंगभूत टीपीएम) पण बंद झालेलं असतं म्हणजे विंडोज ११ ला लागणारं सुरक्षेचं टीपीएम २.० गायब, ते परत चालू करा. केबल बदलली, रॅम काढून परत बसवली, बायोस अपडेट केला, तरी तेच. विंडोजवर संशय घ्यायला जागाच नव्हती, बीप विंडोज लोड व्हायच्या आधीच येत होते.

शेवटी सीएसएम चालू ठेवून ग्राफिक्स कार्डची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड उघडलं. बायोस व्हर्जनच्या शेजारी यूईएफआयचा छोटा चौकोन असतो बघा, तो रिकामा! आधीच्या मशीनमधून आणलेलं ग्राफिक्स कार्ड इतकं जुनं की त्याच्या व्हीबायोसमध्ये (कार्डाचं स्वतःचं फर्मवेअर) यूईएफआयमध्ये चित्र दाखवणारा जीओपी ड्रायव्हरच नाही, आणि सीएसएम नसेल तर बोर्ड जुना व्हीबायोस चालवतच नाही, मग चित्र येणार कुठून. कार्ड काढलं, एचडीएमआय थेट बोर्डाच्या पोर्टला लावली, सीएसएम बंद केला आणि लोगो झळकला. सिक्युअर बूट तरी सेटअप मोडमध्ये (कीज नसलेल्या अवस्थेत) अडकलं होतं, फॅक्टरी कीज लोड केल्यावर तेही ऑन.

आता कार्डचा व्हीबायोस जीओपी घालून फ्लॅश करायचा विचार होता, कंपनीकडे अधिकृत फाइल नाही आणि कुठूनतरी उचललेली फाइल मी कार्डावर चढवणार नाही. नवीन कार्ड घ्यायचं म्हणत होतो, पण हे टाइप करतानाच लक्षात आलं की आता वापरात असलेलं प्रोसेसरमधलं ग्राफिक्स, यूएचडी ६३०, सिस्टिमचीच रॅम वापरतं आणि माझी ८ जीबीची एकच स्टिक आहे, म्हणजे सिंगल चॅनल (रॅमकडे डेटाचा एकच मार्ग). त्यापेक्षा जोडीची स्टिक घेऊन ड्युअल चॅनल करणं जास्त फायद्याचं, ग्राफिक्सलाही बँडविड्थ मिळेल.

आणि कार्ड निघाल्यामुळे एक्स१६ (ग्राफिक्स कार्डचा लांब) स्लॉट मोकळा झालाय की! माझ्या बोर्डाच्या एच३१० चिपसेटच्या लेन (डेटाचे मार्ग) पीसीआय एक्सप्रेस २.० च्या, पण हा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला म्हणून ३.०. तिथे अडॅप्टर लावून एनव्हीएमई एसएसडी बसवता येईल, बूट आता यूईएफआय आहेच. आधी रॅम, मग हे. एच३१० च्या एक्स१६ मध्ये असा अडॅप्टर लावून कोणी बूट केलंय का, केलं असेल तर बायोसमध्ये वेगळं काही करावं लागलं का ते सांगा.