तुम्ही विचारलेत म्हणून : सरकारचा पैसा आणि गावची बातमी

स्थानिक पत्रकारितेला सार्वजनिक निधीचा आधार हवा, असे मी म्हणतो तेव्हा हमखास विचारले जाते की सरकारचे पैसे घेणारा पत्रकार सरकारला जाब कसा विचारणार? सोलापुरात तर हा प्रश्न अधिकच रास्त आहे. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या आमच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन स्वतः वृत्तपत्र चालवत होते. त्या गावाने सरकारी मेहेरबानीकडे संशयाने पाहावे, यात वावगे काही नाही.

मात्र सरकारी पैसा वृत्तपत्रांकडे आजही जातोच. शासनमान्य यादीतील वृत्तपत्रांना शासकीय जाहिराती मिळतात, महापालिकेच्या निविदा सूचना मिळतात, आणि कित्येक लहान साप्ताहिकांचा महिना त्यावरच निघतो. उरलेली तूट भरून काढते ती वाढदिवसाची पुरवणी. तिच्यातल्या शुभेच्छांच्या जाहिराती गोळा करायला जो तालुका वार्ताहर नेत्याच्या दारात उभा राहतो, त्यानेच पुढच्या आठवड्यात त्या नेत्याच्या साखर कारखान्याने थकवलेल्या ऊसबिलांची बातमी द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. मिंधेपणाची भीती घालणाऱ्यांनी आधी या व्यवस्थेकडे पाहावे.

महापालिकेचे वार्तांकन करताना मला एक गोष्ट कळली. सभेची खरी बातमी विषयपत्रिकेच्या पहिल्या पानावर क्वचितच असते. ती पुरवणी विषयांत, एखाद्या मुदतवाढीच्या प्रस्तावात असते : काम जुन्याच मक्तेदाराकडे, दर तोच, आणि शेवटच्या परिच्छेदात झालेल्या जादा खर्चाला कार्योत्तर मंजुरी. त्यामागची टिपणी मिळवून लेखापरीक्षणातल्या आक्षेपाशी ती ताडून पाहायला दिवस लागतात, आणि तुटपुंज्या मानधनावर रोज चार बातम्या देणाऱ्याकडे तेवढे दिवस नसतात. म्हणून उजनी धरणात पाणी असूनही शहराला चार-पाच दिवसांआड पाणी का, याचा छडा लागत नाही. छापून येते ते एवढेच, की उद्याचा पुरवठा एक दिवस उशिरा होईल. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपल्यावर तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकच कारभार पाहत होते. सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, तेव्हा अशा सवडीने केलेल्या बातमीदारीची उणीव फार जाणवली.

ही उणीव पैशातही मोजली गेली आहे. अमेरिकेतील एका अभ्यासात असे दिसले की स्थानिक वृत्तपत्र बंद पडल्यावर तिथल्या स्थानिक स्वराज्य संस्थांना कर्ज महाग पडू लागले.

नॉर्वेने १९६९ पासून वृत्तपत्रांना थेट अनुदान दिले आहे. मला अधिक जवळची वाटते ती ब्रिटनमधील योजना. तिथे बीबीसी टीव्ही पाहणाऱ्या घरांकडून मिळणाऱ्या परवाना शुल्कातून सुमारे १६५ बातमीदारांचा खर्च उचलते, त्यांची नेमणूक स्थानिक वृत्तसंस्था करतात, त्यांनी नगर परिषदांच्या सभांना बसायचे असते आणि त्यांच्या बातम्या योजनेत सहभागी झालेल्या सर्व माध्यमांना वापरता येतात. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याने २०१८ मध्ये कायदा करून विद्यापीठांच्या सहभागाने स्वतंत्र मंडळ नेमले. पैसा राज्याचा, वाटप मंडळाचे.

आपल्याकडेही पैसा जाहिरातीच्या जागेसाठी न देता बातमीदाराच्या वेळेसाठी द्यावा. निवडीचे निकष कायद्यात लिहिलेले असावेत, रक्कम किमान तीन वर्षांसाठी आधीच ठरलेली असावी, म्हणजे एका झोंबणाऱ्या बातमीमुळे पुढचा हप्ता अडणार नाही. मंडळावर पालकमंत्री नकोत, आयुक्त नकोत आणि वृत्तपत्रांचे मालकही नकोत. कोणाला किती मिळाले, हे दरवर्षी जाहीर झालेच पाहिजे. पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराच्या घरात तेलुगू बोलली जाते, या शहरात कन्नड आणि उर्दू वाचणारेही मोठ्या संख्येने आहेत. तेव्हा हा निधी केवळ मराठी दैनिकांपुरता ठेवणे मला मान्य नाही. आणि पहिली नेमणूक कोणत्या कामासाठी करावी असे विचाराल, तर महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी : मंजुरीच्या दिवशीचे आकडे आणि वर्षअखेरीस प्रत्यक्ष झालेला खर्च प्रभागवार शेजारी शेजारी मांडणारा एक माणूस, पूर्ण पगारावर.