तुम्ही विचारलंत म्हणून: सांदण दरी थंडीत कशाला?

'पाऊस सरला की सगळं वाळतं, मग भंडारदऱ्याजवळच्या साम्रद गावच्या सांदण दरीत डिसेंबर-जानेवारीत पाहायचं काय?' तर, कातळ. पावसाळ्यात या घळीत उतरायचंच नसतं, लोंढा कधी येईल याचा नेम नाही. शिवाय गवत आणि शेवाळ वाळल्याशिवाय भिंती नीट दिसत नाहीत.

भिंतीपासून हातभर अंतरावर थांबा. काळ्या बेसाल्टमध्ये मटकीपासून सुपारीएवढ्या पांढऱ्या गाठी दिसतील. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातले हे वायूचे बुडबुडे. पुढे झिरपत्या पाण्यातल्या खनिजांनी ते भरले. बहुतेक झिओलाइट, अधूनमधून कॅल्साइट नाहीतर क्वार्ट्झ. तळातला सुटा गोटा घेऊन त्यातल्या गाठीवर खिळा ओढून बघा. कॅल्साइटवर सहज ओरखडा उठतो. क्वार्ट्झवर खिळ्याचंच लोखंड घासून राखाडी रेघ राहते. झिओलाइट कठीणपणात या दोहोंच्या मधलं, म्हणून नवखे तिथे हमखास फसतात. गोटा होता तिथे ठेवा, भिंतीला खिळा लावू नका. हे अभयारण्य आहे. बुडबुड्यांची दाटी म्हणजे लाव्हाच्या एका थराचा माथा. त्यावर पुन्हा घट्ट, बिनगाठींचा दगड लागला की पुढचा थर सुरू.

झाडंही अगदीच रुसलेली नसतात. धायटी जानेवारीपासून लाल फुलते, शिंजीर पक्षी तिथेच घुटमळतात. रानकेळीची पानं जाऊन कड्याच्या खोबणीत नुसता फुगीर बुंधा उरतो. कारवीच्या वाळक्या काठीला मात्र आधारासाठी हात घालू नका, कडकन मोडते. खरी धास्ती खाजकुइलीची. तपकिरी, लवदार शेंगा पायवाटेवर लोंबतात आणि त्यांची कुसं वाऱ्यानेही अंगावर येतात. चोळलं की ती आणखी रुततात. आधी चिकटपट्टी दाबून उपटा, मग धुवा.

वाटेत पाण्याचे डोह आहेत, थंडीत अक्षरशः गोठवणारे. तरी बूट काढू नका. तळाचे दगड अणकुचीदार असतात. कोरडे मोजे सॅकमध्ये ठेवा. धोंड्यावर आधी पाय दाबून बघायचा, मग भार टाकायचा. ओला, गुळगुळीत दगड सरळ टाळायचा. कड्यावर आग्या मोहोळं असतात, म्हणून अत्तर, धूर, आरडाओरडा बंद. जिथून पुढे दोर लागतो तिथून परत फिरा. डिसेंबरात भर दुपारीही सूर्य जेमतेम 47 अंश वर येतो, तळाला ऊन कमीच पोचतं. तीनच्या आत परतीला लागलेलं बरं.