बॉल बघायचा नाही

आमच्या इथे ओहायोत शुक्रवारी रात्री अख्खं गाव हायस्कूलच्या स्टेडियमवर असतं. फुटबॉल म्हणजे अर्थात अमेरिकन, हेल्मेटवालं. मी जायला लागलो ते मुलगी मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते म्हणून, खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, हाफटाइमला बँड झाला की उरलेला वेळ आपला पट्टेरी शर्टातल्या त्या पाच पंचांकडे बघत बसायचो. ही माणसं येतात कुठून? तर कोण प्लंबर, कोण शाळेत गणित शिकवतो, कोण रिटायर्ड. आणि ती कमी पडतायत. हायस्कूल खेळांच्या राष्ट्रीय संघटनेनेच सांगितलंय की २०१८-१९ नंतरच्या दोनतीन वर्षांत देशभरात सगळ्या खेळांचे मिळून ५० हजारांच्या आसपास पंच सोडून गेले, त्यामुळे बऱ्याच राज्यांत शुक्रवारचे काही सामने गुरुवारी ढकलतात. मी घरी नुसतं हे बोललो तर बायको म्हणाली, "म्हणजे तू आता तिथे पण जाणार." गेलो.

राज्याच्या असोसिएशनकडे नाव नोंदवायचं, बॅकग्राउंड चेक, उन्हाळ्यात संध्याकाळचे क्लास, मग नियमांची परीक्षा. परीक्षेचं काही नाही हो, पाठांतरात आपण कधी मागे पडलोय? खरी गोची मैदानावर होते, कारण तिथे पहिलं सांगतात की बॉल बघायचा नाही! मी लाईन जज, म्हणजे जिथून प्ले सुरू होतो त्या रेषेवर साईडलाइनला उभा, आपला स्क्वेअर लेगचा अंपायर म्हणा ना. बॉल उचलला जायच्या आधी बघायचं की बॅकफिल्डमध्ये, म्हणजे बॉलवाल्या टीमच्या बाजूला रेषेमागे, चारपेक्षा जास्त पोरं नाहीत, कोणी रेषेपुढे आलेलं नाही, आणि स्नॅप झाला, म्हणजे बॉल मागे दिला गेला, की नजर थेट माझ्या बाजूच्या टॅकलवर (रेषेवरचा एक खेळाडू). तो पुढे घुसला तर रन, मागे सरकला तर पास, एवढ्यावरून आपण कुठे पळायचं ते ठरतं. बॉल कोणाकडे आहे हे गर्दीतल्या आजींना माझ्या आधी कळतं आणि ते तसंच असायला हवं, कारण पकडापकडी, ढकलाढकली, मागून पायात पाय, हे सगळं बॉलपासून लांबच चालतं. इतकी वर्षं टीव्हीसमोर बसून लागलेली सवय, डोळा पळतोच. बोटांत एक इलॅस्टिक असतं, पहिला डाउन, म्हणजे चार प्रयत्नांतला पहिला, झाला की दुसऱ्या बोटावर सरकवायचं, तेही न बघता, कितवा डाउन चाललाय हे विसरलं तर दोन्ही कोच एकदम अंगावर येतात.

कोच परवडले. प्रेक्षकांतले बाप नाही परवडत. यांनी रविवारी एनएफएल, म्हणजे व्यावसायिक लीग, बघितलेलं असतं आणि शुक्रवारी तेच नियम लावतात. तिकडे कॅच घेताना दोन्ही पाय आत लागतात, इथे एक पुरतो. तिकडे डिफेन्सवाला रेषा ओलांडून वेळेत परत गेला तर चालतं, इथे आम्ही लगेच शिट्टी मारून प्ले थांबवतो, मग वरून, प्ले चालू ठेवा म्हणून, "फ्री प्ले! फ्री प्ले!" पास पकडणाऱ्याला अडवलं (पास इंटरफिअरन्स) तर तिकडे बॉल थेट फाउल झाला तिथे नेतात, इथे जिथून प्ले सुरू झाला तिथून १५ यार्ड. किकऑफ गोललाइनच्या पलीकडे गेला की इथे खेळ संपला, बॉल २० यार्डवर, आणि पोराला तो घेऊन पळता आला नाही म्हणून त्याचा बाप माझा उद्धार करतो. उत्तर द्यायचं नसतं. द्यावंसं खूप वाटतं.

फाउल झाला की पंच टाकतात तो पिवळा फ्लॅग आहे ना, तो आमच्या ओहायोचा बरं का. यंग्सटाउनच्या कॉलेजचे कोच ड्वाइट बीडी, १९४१ साल. तोवर फाउल झाला की पंच हॉर्न वाजवायचे आणि गर्दीला पत्ताच नसायचा, मग बीडींनी बायकोकडून वजन लावलेला कपड्याचा फ्लॅग शिवून घेतला. तेव्हा तो लाल होता. पहिल्या सामन्यात फ्लॅग कमरेतून काढताना हात असा काही थरथरतो की विचारू नका, पण एकदा टाकला की टाकला, परत खिशात घालायचा नाही असं आमचे सीनियर सांगतात (कधीकधी तेही घालतात).

नवख्याला सुरुवातीला सातवी-आठवीच्या पोरांचे सामने मिळतात, मग फ्रेशमन म्हणजे नववीचे, मग जेव्ही म्हणजे शाळेच्या दुसऱ्या टीमचे, शुक्रवारच्या लाईट्सखाली यायला वेळ लागतो. आणि सीझन ऑगस्टमध्ये सुरू होतो, म्हणजे गणपती दरवर्षी बरोब्बर मध्ये. आरती करून, मोदक खाऊन, काळ्या पँटमध्ये गाडीत बसायचं आणि मग त्या मोदकांसकट साईडलाइनवर पळायचं.

इथल्या मंडळातले दोघं-तिघं विचारतायत, पैसे किती मिळतात. अरे बाबांनो, शर्ट, टोपी, बूट, शिट्टी सगळं आपलं आपण घ्यायचं असतं, माझं तरी पहिल्या सीझनचं मानधन त्यातच गेलं. बूट मात्र चांगले घ्या.