आमची वाटचाल, आणि टेम्प्लेटची भानगड

आमचं काम कंपन्यांच्या सिस्टिममध्ये त्यांच्याच परवानगीने घुसून भोकं शोधायचं, म्हणजे पेनटेस्ट. सुरुवात २०११ ची, हॅकिंगच्या टूल्सची काली लिनक्स यायची होती, सगळं तिच्या आधीच्या बॅकट्रॅकवर. मी हेल्पडेस्कला लोकांचे पासवर्ड रिसेट करून वैतागलेलो आणि पार्टनर नेटवर्कवाला, वायरशार्क (नेटवर्कवरचा डेटा पकडून दाखवणारं टूल) उघडून पॅकेट, म्हणजे त्या डेटाचे तुकडे, असे वाचायचा जसा कुणी सकाळचा पेपर वाचतो. पुढची चार-पाच वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१६ ला पार्टनर गेला. गेला तो गेला, आमचं रिपोर्टचं टेम्प्लेट पण घेऊन गेला, आणि एका मोठ्या कंपनीत बसून स्कॅनरचं, म्हणजे आपोआप तपासणाऱ्या टूलचं, आउटपुट त्यात ओतून पेनटेस्ट म्हणून आमच्या एक तृतीयांश भावात विकायला लागला. कळलं कसं? टेम्प्लेटमध्ये ऑथेंटिकेशनचं स्पेलिंग माझ्या हातून चुकलेलं, तीच चूक त्यांच्या रिपोर्टात!! अकरातले आठ क्लायंट गेले. बर्पचं (वेबसाइट तपासायचं टूल) लायसन्स संपलं तर फुकटच्या एडिशनवर काम ढकललं, त्यात एकामागून एक रिक्वेस्ट मारणारा इन्ट्रूडर मुद्दाम रखडवलेला असतो, वापरलाय त्यालाच ते दुःख माहीत.

उरलेल्या तिघांतल्या एका क्लायंटकडच्या मॅडम, अकाउंट्स बघायच्या. मला यातलं कळत नाही म्हणायच्या आणि प्रश्न नेमका विचारायच्या. त्यांनी दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवले. पार्टनरच्या कंपनीचा ८० पानी, नुसत्या वरवरच्या सेटिंग, हेडर आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) व्हर्जन. आमचा ९ पानी, पहिल्याच पानावर: रिपीटरमध्ये (बर्पमध्ये रिक्वेस्ट बदलून परत पाठवायची सोय) इनव्हॉइस नंबर एकने वाढवला की दुसऱ्या डीलरचं बिल उघडतं. सर्व्हर २०० ओके, म्हणजे 'सगळं ठीक', देतो म्हणून स्कॅनर खूश, बिल भलत्याचं आहे हे त्याला कोण सांगणार.

मग १२ मे २०१७, वॉनाक्राय, फाइली एन्क्रिप्ट करून खंडणी मागणारा व्हायरस. मायक्रोसॉफ्टचा पॅच १४ मार्चलाच आलेला, आणि सोडून गेलेल्या आठही जणांना मी तेव्हा मेल टाकली होती की पॅच मारा, एसएमबीव्ही१ (विंडोजची फाइल शेअरिंगची जुनी पद्धत) बंद करा, तिचा ४४५ पोर्ट इंटरनेटला उघडा ठेवू नका. उत्तर एकाचंही नाही. सोमवारी मात्र दोघांचे फोन, त्यातल्या एकाचा बॅकअप त्याच नेटवर्कवर, तोही एन्क्रिप्ट. गेलो, पाच रात्री बसलो. बिल पूर्ण लावलं.

नवीन पोरांनो, विचारलं नाहीये तरी सांगतो, सर्टिफिकेट नंतर, आधी दोन व्हर्च्युअल मशीन उभ्या करून टीसीपी हँडशेक, म्हणजे दोन मशीन कनेक्शन जोडताना काय बोलतात ते, स्वतः पकडून बघा. रिपोर्ट लिहायला शिका. लेखी परवानगीशिवाय कुणाच्या सर्व्हरला हात लावू नका, आणि स्कोपमधले, म्हणजे परवानगी मिळालेले, आयपी दोनदा ताडा, मी एकदा शेवटचा आकडा चुकून भलत्याचाच सर्व्हर स्कॅन केलाय, माफीची मेल अजून जपून ठेवलीये.

टेम्प्लेटमधलं ते स्पेलिंग अजून तसंच आहे. मुद्दाम.